ग्रीसवर तेल

"हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात," दादा पुटपुटला. "शब्द ओठांबाहेर काढायला जसा काही यांना कर पडतो."

पुटपुटला असं आपलं म्हणायचं. दादाचं पुटपुटणं आताशा खालच्या जिन्यापर्यंत ऐकू जायचं. चिमणी तर टेबलाच्या पलीकडेच, हातभर अंतरावर बसली होती. चहा ठेवू का, असं तिने नुकतंच विचारलं होतं आणि दादाने समजूतदारपणे मान डोलावून "हो ना, उकडतंय खरं" असं उत्तर दिलं होतं. शेवटी तिने रिकामा कप उचलून दाखवला.

"मग तसं स्पष्ट बोल की!" दादा म्हणाला.

चिमणी हे नाव दादानेच ठेवलं होतं, ती रांगत होती तेव्हा. आता ती पन्नाशीला टेकली होती, शहरातली लांबलचक बस चालवायची, आणि गिअरचा दांडा तिच्या पंजात दिसेनासा व्हायचा. बसमध्ये धिंगाणा घालणाऱ्या एका माणसाला तिने एकदा बखोटीला धरून इतक्या अलगद खाली उतरवलं होतं, की त्याने जाताना आभार मानले. पण घरात चिमणी ती चिमणीच. दादा तिच्याहून डझनभर वर्षांनी मोठा. धंद्याने घड्याळजी. जिन्याखालच्या गाळ्यात त्याचं दुकान आणि वर बहिणीच्या घरात त्याची खोली. लग्न त्याने केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायचा, "घड्याळं बरी. बंद पडली तर उघडून बघता तरी येतात."

या भावाबहिणीला एक वेड होतं आणि ते त्यांच्या वयाला अजिबात शोभत नव्हतं. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती. हातभर लांबीची गाडी, पण तिला खेळणं म्हटलेलं दोघांनाही खपत नसे. गाडी पळवायची चिमणीने, सांभाळायची दादाने. शर्यतीच्या फळ्यावर दोघांची नावं जोडीने लागायची, आधी चालवणाऱ्याचं, मग कारागिराचं. आणि गेले तीन हंगाम ही जोडी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून, चपला न काढताच परत येत होती. या रविवारी चौथा प्रयत्न होता.

"या वेळी उंबरठा ओलांडायचा," चिमणीने चहा ठेवता ठेवता जाहीर केलं. "आडवं कोणी आलं तर त्याच्यासकट."

"काय म्हणालीस?"

"चहात साखर किती!"

"नेहमीएवढीच. ओरडतेस कशाला?"

*

अशा गाडीत मोटर असते, बॅटरी असते, आणखीही बरंच काही असतं. पण दादाच्या मते गाडी म्हणजे मुळात बेअरिंगं, बाकी सगळी सजावट. प्रत्येक चाकाच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढं पोलादी कडं, आणि त्या कड्याच्या पोटात मोहरीएवढे छर्रे. छर्रे मोकळे फिरले तर गाडी वाऱ्यासारखी जाते. त्यांत माती गेली, की मोटर कितीही बोंबलो, गाडी आपली माहेरी निघालेल्या बाईला कोणी मागून पदर धरून ओढावं तशी चालते.

म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर दादा एकेक बेअरिंग बाहेर काढायचा. सुईच्या टोकाने त्याचं रबरी झाकण उचलायचा, पेट्रोलच्या छोट्या बाटलीत टाकून खळखळवायचा, फडक्यावर वाळवायचा. मग एका बारीक काडीवर अडकवून बोटाने टिचकी मारायचा आणि डोळे मिटून कानाशी न्यायचा. चांगलं बेअरिंग दूरवरच्या शिळेसारखं 'सुं' करत हळूच विझतं. बिघडलेलं खरखरतं, फरशीवर सांडलेल्या वाळूवरून चप्पल घासत गेल्यासारखं. खरखरलं की दादा ते बाजूला टाकायचा, त्यात दयामाया नाही. ज्यांचा कौल चांगला पडायचा त्यांच्या नशिबी वंगण.

वंगणाच्या बाबतीत दादाचा एकच नियम होता. पळतं त्याला तेल, सोसतं त्याला ग्रीस. चाकं आणि मोटर पळतात, त्यांना पातळ तेल, तेही सुईच्या टोकावरून एक थेंब. घड्याळाला घालतात तसं. आतले दाते एकमेकांचा भार सोसतात, त्यांना ग्रीस. तेलाने बेअरिंग मोकळं फिरतं, पण तेल टिकत नाही. दोन-चार फेऱ्यांत उडून जातं, मग पुन्हा उघडा, पुन्हा ऐका, पुन्हा थेंब. ग्रीस जागेवरून हलत नाही, मातीही आत येऊ देत नाही, पण वेग खातं.

"तेल म्हणजे पाहुणा," दादा म्हणायचा. "येतो, हसतोखेळतो, जातो. ग्रीस म्हणजे घरजावई. एकदा बसला की बसला."

"घरजावई कसला," चिमणीचा नवरा म्हणायचा, "घरमेव्हणा म्हणा." हा नळ दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे गळती कुठे आहे ते त्याला लवकर कळायचं आणि ती बंद करायची घाई त्याला चैन पडू द्यायची नाही.

गळती त्यालाच पहिल्यांदा दिसली होती. मागच्या शर्यतीनंतर दादाने एक बेअरिंग फिरवून कानाशी धरलं. ते असं खरखरलं की स्वयंपाकघरात पाना शोधत असलेल्या नवऱ्याने मान बाहेर काढली, मिक्सर कोणी लावला म्हणून. दादा मात्र डोळे मिटून मंद हसत होता.

"वा," तो म्हणाला. "लोणी."

आणि त्याने ते चांगल्यांच्या डबीत टाकलं.

नवऱ्याने चिमणीकडे बघितलं. चिमणीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

*

"कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे," नवरा त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाला.

"सांग की मग."

"मी? मी परका माणूस. तू सख्खी बहीण."

"सख्खी आहे म्हणूनच नाही सांगत."

"अगं, पण सगळ्या जगाला कळलंय. समोरच्या मावशी त्याच्याशी हातवारे करून बोलतात. दूधवाला तर कागदावर लिहून दाखवतो."

"दादा म्हणतो दूधवाल्याचा घसा बसलाय."

"तीन महिने?"

चिमणीने हातातलं ताट इतकं घासलं की त्यावरचं फूल पुसट झालं. तिला आठवत होती ती दुकानातली दुपार. एक बाई घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला आल्या होत्या, नुसता पट्टा. दादाने सवयीने घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाला, "हे तर बंद आहे, बाई. उघडावं लागेल." बाईंनी त्याच्या हातातल्या घड्याळाकडे बोट केलं. सेकंदकाटा तुरुतुरु चालला होता. दादाने काट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग मुकाट्याने पट्टा बदलून दिला. त्यानंतर दुरुस्तीला आलेलं घड्याळ तो परत पाठवायला लागला. डोळे दुखतात म्हणायचा. डोळ्यांना काही झालं नव्हतं. त्या डोळ्यांनी तो अजूनही हरवलेला केसाएवढा स्क्रू सतरंजीच्या दोऱ्यांतून शोधून काढायचा.

दुकान असं हळूहळू हातातून सुटत होतं. उरली होती ही गाडी. कानाचं काम म्हणून त्याने स्वतःजवळ ठेवलेलं हे शेवटचं. यातूनही त्याला उठवलं, तर तो हत्यारं फडक्यात गुंडाळेल, खोलीत जाईल आणि दार लोटून घेईल, हे चिमणीला लख्ख दिसत होतं. तो भांडला असता तर बरं. पण दादा भांडणाऱ्यांतला नव्हता, तो समजून घेणाऱ्यांतला होता, आणि अशा माणसांची फार भीती वाटते.

शर्यतीत गाडी पळवणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरनेही एकदा तिला बाजूला घेतलं होतं. हा डॉक्टर दरवर्षी जिंकायचा, आणि हरलेल्यांना इतक्या मनापासून धीर द्यायचा की त्यापेक्षा त्याने चिडवलेलं परवडलं असतं. "ताई, तुमचा हात झकास आहे," तो म्हणाला. "बेअरिंगं तेवढी माझ्या कारागिराला बघू दे ना. दादांना काही सांगायची गरज नाही."

"डॉक्टर," चिमणी म्हणाली, "अंतिम फेरीत जायचं ते दादाच्या हातच्या गाडीने जायचं. नाहीतर मी आपली बस चालवेन, ती बरी. तिला बेअरिंगं सरकार घालतं."

बोलायला हे ठीक होतं. आता प्रश्न एवढाच होता की गाडी दादाच्या हातची राहावी आणि धावावीसुद्धा, हे जमवायचं कसं?

*

उपाय तिला शनिवारी दुपारी सुचला. शनिवारी तिची सुट्टी असायची. सकाळीच दादाने गाडी शर्यतीसाठी तयार केली होती, बेअरिंगं धुऊन, वंगण घालून, चाकं बसवून. आज त्याने काम खोलीचं दार लोटून केलं होतं. "उजेड डोळ्यांवर येतो," म्हणाला. मग जेवला, ताटातल्या भाताबरोबर तिच्या काळजीचीही दोन शितं उचलल्यासारखं तिच्याकडे जरा जास्तच बघितलं, आणि पाठ टेकायला गेला. त्याचं घोरणं सुरू झाल्यावर चिमणीने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं.

चाक काढणं तिला येत होतं. तिने बोटाने बेअरिंग फिरवून बघितलं. खरखर फारशी नव्हती, पण ते फिरता फिरता लगेच थांबत होतं. जड वाटत होतं. कोरडं असणार, ती मनात म्हणाली. थेंब टाकायचा राहिला असेल बिचाऱ्याचा. कान गेले की लक्षही जातं का माणसाचं? मग तिने पदर खोचल्यासारखा श्वास खोचला आणि तेलाची बाटली घेतली.

सुईने बाहेरचं झाकण किंचित उचलायचं, थेंब सोडायचा, झाकण दाबायचं. एवढंच. आतपर्यंत उघडून धुवायला वेळ नव्हता, आणि पेट्रोलच्या वासाने दादा उठला असता. नाक त्याचं शाबूत होतं. पहिल्या थेंबाने बेअरिंग थोडं सैलावलं. दुसऱ्याने आणखी. तिसरा तिने नुसत्या मायेने टाकला. चारही चाकांची अशी सेवा झाली. मग तिने चाकं लावली, हात धुतले आणि वर्तमानपत्राची घडी घालून ती कचऱ्याच्या अगदी तळाशी खुपसली.

"काय चाललंय?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"काही नाही. गाडी पुसत होते."

"तेलाने?"

"तू नळ बघ," चिमणी म्हणाली.

*

शर्यतीचं मैदान एका बंद पडलेल्या कारखान्यामागे होतं. मातीचा वळणावळणाचा रस्ता, मध्ये दोन उंचवटे, एका बाजूला लाकडी मचाण. चालवणाऱ्यांनी रिमोट घेऊन मचाणावर उभं राहायचं. कारागिरांची टेबलं पत्र्याच्या छपराखाली, एकाला एक लागून. इतकी लागून, की एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या चहात पडायचा.

शेजारचं टेबल नेमकं दातांच्या डॉक्टरचं होतं. त्यावर चिमटे, पाने आणि पकडी अशा ओळीने लावल्या होत्या की चिमणीची दाढ आपोआप ठणकायला लागली.

"काय ताई, या वर्षी तरी?" डॉक्टर म्हणाला.

"या वर्षीच," चिमणी म्हणाली.

नियम सोपा होता. सकाळी दोन फेऱ्या. दोन्हींतली जी चांगली जाईल ती धरायची, आणि पहिल्या दहा गाड्या दुपारच्या अंतिम फेरीत. म्हणजे एक फेरी फसली तरी हरकत नाही. दोन्ही फसल्या तर मात्र पुन्हा वर्षभर उंबरठा.

दादाने गाडी स्वतः नेऊन रेषेवर ठेवली. ठेवताना तिच्या टपावरून हात फिरवला आणि मचाणाकडे बघून अंगठा वर केला. झेंडा पडला.

सुरुवातीला गाडी अशी सुटली की चिमणीला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाचच देवाधर्माच्या गोष्टींवर शंका घेत होतो. पहिलं वळण, दुसरं वळण, उंचवट्यावरून झेप. चौथी. मग तिसरी. खाली नवरा दोन्ही हात वर करून ओरडत होता. दादा ओरडत नव्हता, तो वाकून चाकांकडे बघत होता, एकटक.

आणि मग गाडी उजवीकडे ओढायला लागली. आधी किंचित, संशय यावा एवढीच. चिमणीने रिमोट डावीकडे दाबून धरला. पुढच्या वळणावर मागचं उजवं चाक अडखळलं, सुटलं, पुन्हा अडखळलं. धूळ उडत होती ती तीन चाकांची. चौथं नुसतं घासत होतं. गाड्या बाजूने जायला लागल्या, एक, दोन, मग मोजण्यात अर्थ उरला नाही. शेवटच्या चकरेत तिची गाडी लंगडत, फरपटत रेषेपर्यंत आली आणि तिथेच बसली.

शेवटून पहिली.

मचाणाच्या पायऱ्या ती दोन-दोन करून उतरली. दुसरी फेरी अजून आहे, ती स्वतःला सांगत होती. अजून आहे. अर्धा कप चहा होईल एवढा वेळ मध्ये आहे, आणि अर्ध्या कपात पुष्कळ काही होतं.

*

ती टेबलाशी पोचली तोवर दादाने चाक काढलं होतं. बेअरिंग फडक्यावर पडलं होतं आणि त्याच्या पोटातून काळं, पातळ, किरकिऱ्या मातीने भरलेलं काहीतरी ओघळत होतं, तळणीच्या तळाशी उरतं तसं. दादाने ते बोटावर घेतलं. चोळलं. नाकाशी नेलं.

"यात तेल आहे," तो म्हणाला.

चिमणीने फडक्याकडे बघितलं.

"मी ग्रीस भरलं होतं. आतल्या बाजूने. घट्ट." त्याने बोट फडक्याला पुसलं. "ग्रीसवर कोणीतरी तेल सोडलंय. तेलाने ग्रीस पातळ झालं, पातळ झालं म्हणून बाहेर आलं, आणि बाहेर आलं म्हणून मातीला आत जायला वाट मिळाली. नुसतं ग्रीस असतं तरी गाडी पोचली असती. नुसतं तेल असतं तरी पोचली असती."

"मी सोडलं," चिमणी म्हणाली. यासाठी मात्र तिने आपल्या छातीवर बोट टेकवलं, म्हणजे आवाजाचा प्रश्न आला नाही.

"का?"

"जड वाटलं. कोरडं असेल म्हटलं." मग तिचंही डोकं फिरलं. "पण चाकात ग्रीस? दादा, नियम तुझाच ना? पळतं त्याला तेल! इतकी वर्षं ऐकवलास!"

दादाने हे ऐकलं की तिच्या ओठांवरून वाचलं, देव जाणे. त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तेलाकडे सारखं लक्ष द्यावं लागतं," तो म्हणाला. "ग्रीसला नाही लागत."

एवढंच म्हणाला आणि हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला. पण चिमणी जागच्या जागी उभी राहिली. दार लोटून केलेलं काम. डोळ्यांवर येणारा उजेड. ऐकून पारखता येत नाही म्हणून, न ऐकता निभेल असं वंगण. म्हणजे त्याला माहीत होतं. तो एकटाच खोलीत बसून स्वतःच्या कानांना वळसा घालत होता, आणि बाहेर बसून तीही त्याच कानांना दुसऱ्या बाजूने वळसा घालत होती. दोघं एकमेकांना चुकवायला निघाले होते आणि नेमके त्या बेअरिंगच्या पोटात एकमेकांवर आपटले होते.

एव्हाना दादाच्याही ते ध्यानात आलं असावं. ती त्याच्या झोपेच्या वेळी गुपचूप बाटली घेऊन का बसली, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. त्याची मान जरा जास्तच खाली होती. बोलायचं ते सगळं बेअरिंगने बोलून टाकलं होतं, पण बेअरिंगचं बोलणं कुठे कोणी धरतं?

"सुटं आहे का दुसरं?" नवऱ्याने मध्ये तोंड घातलं. अवघड वेळी कामाचं बोलणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. दादाने चांगल्यांची डबी काढून उघडली. त्या डबीत काय काय जमा झालं होतं, ते नवऱ्याला आणि चिमणीला माहीत होतं.

दादाने एक बेअरिंग चिमट्याने उचललं, काडीवर अडकवलं, टिचकी मारली आणि डोळे मिटून कानाशी नेलं.

खर्रर्र झालं. शेजारच्या टेबलावर डॉक्टरची मान झटकन वर आली. दिवसभर ड्रिल चालवणारा माणूस तो, पण त्यालासुद्धा हे सोसलं नाही. त्याने दादाकडे बघितलं, मग चिमणीकडे, आणि मग अतिशय सभ्यपणे आपली आधीच चकचकीत असलेली पकड पुसायला घेतली. पलीकडच्या टेबलावरचे दोघं अचानक आभाळ बघायला लागले. नवऱ्याला खोकला आला.

"लोणी," दादा म्हणाला. पण या खेपेला शब्दात जोर नव्हता. त्याने तिच्याकडे बघितलं, परीक्षेचा निकाल दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचावा तसं. कोणाचाच चेहरा काही बोलला नाही. सगळ्यांनी सभ्यपणाचे दरवाजे लावून घेतले होते. मग तो वळला आणि बेअरिंग चाकात बसवायला लागला.

"दादासाहेब," नवरा खोकल्यातून म्हणाला, "दुसरं बघू या का? याचा रंग मला बरा वाटत नाही."

"जावईबापू, बेअरिंगला कसला रंग? लग्न लावायचंय का त्याचं?"

कोणीतरी हसलं. तेवढ्या हसण्यावर सगळेच हायसे झाले, आणि त्या हायसं होण्याचाच चिमणीला राग आला. असंच तीन हंगाम चाललं होतं. कोणीतरी विनोद करायचा, सगळ्यांनी सुटायचं, आणि गाडी लंगडत यायची. आत्ताही रिमोट उचलून मचाणावर जाता आलं असतं. सभ्यपणे हरता आलं असतं. डॉक्टरने खांद्यावर हात ठेवून धीर दिला असता. घरी जाऊन चहा झाला असता, उकाड्याविषयी बोलणं झालं असतं. आणि दादा आतल्या आत, एकटा, आणखी एका नियमातून मागे सरकला असता.

नाही तर डबी हिसकावून घेता आली असती. चिमणीने आपल्या हातांकडे बघितलं. या बोटांनी चाक काढता येत होतं. पण चाकाच्या आत, बेअरिंगच्या मागे, नखाच्या कोरीएवढी एक चकती बसवावी लागते, आणि ती अशा बोटांनी बसवायची म्हणजे बसच्या चाकाने सुई ओवायची. या छपराखाली ते काम झटक्यात करणारी बोटं एकाच माणसाची होती, आणि तो माणूस ती बोटं खरखरत्या बेअरिंगवर वाया घालवत होता.

कर्ण्यावरून हाक आली. दुसऱ्या फेरीचे चालक, मचाणावर या.

चिमणीने दादाचं मनगट धरलं.

"दादा, हे नको," ती हळूच म्हणाली. लोक होते म्हणून हळूच. "हे गेलंय. तुला ते कळत नाहीये."

"काय?" दादा म्हणाला.

चिमणीने आजूबाजूला बघितलं. डॉक्टरचं फडकं थांबलं होतं. नवरा डोळ्यांनी नको म्हणत होता की हो म्हणत होता, ते तिने बघितलंच नाही. एक गोष्ट तिला आता स्वच्छ कळली. ही गोष्ट कानात सांगण्यासारखी राहिलेलीच नव्हती. सांगायची तर ती साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशीच सांगावी लागणार होती. तिने चांगल्यांची डबी उचलली आणि सगळीच्या सगळी फडक्यावर उपडी केली. एक बेअरिंग काडीवर अडकवलं, टिचकी मारली, आपल्या कानाशी धरलं. खरखर. फेकलं. दुसरं. खरखर. फेकलं. तिसरं फिरत राहिलं, दूरवरच्या शिळेसारखं, आणि हळूच विझलं. ते तिने दादाच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

"काय करतेस, चिमणे?" दादा मिटलेल्या मुठीकडे बघत म्हणाला. "काय म्हणतेस?"

चिमणीने पोटातून श्वास घेतला.

"दादा, तुला ऐकू येत नाही!" ती ओरडली, आणि छपराखालचा शेवटचा पानाही हलायचा थांबला. "तुला ऐकू येत नाही, आणि मला बसवता येत नाही! मी ऐकते, तू बसव! आटप, फेरी सुरू होतेय!"